तो खार, ती खार

मी तेव्हा कामोठ्याच्या एका क्लासमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांना मराठी शिकवत होते. लिंग, वचन, विभक्ती. ‘तो’ की ‘ती’ यावर मार्क कापण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझी जी फजिती झाली ती नेमकी याच जागी झाली.

आमचं घर सुकापूरला, एका रो-हाऊसच्या तळमजल्यावर. मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत दोन खाटा मावतील एवढी मोकळी जागा होती. तिथे आम्ही कपडे वाळत घालायचो आणि मोडक्या वस्तू ठेवायचो. आई गेली आणि दिवाळीनंतर वडील आमच्याकडे आले, तेव्हा ती जागा मी त्यांना देऊन टाकली. म्हटलं, आप्पा, ही तुमची. काय करायचं ते करा.

आप्पा साताऱ्याकडचे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सारा जन्म गेलेला. आमच्याकडे आल्यावर आठवड्याभरात त्यांनी पनवेलच्या बाजारातून मला स्वयंपाकघरातला छोटा काटा आणायला लावला आणि घरातली प्रत्येक वस्तू तोलून बघितली. वाणी पाव किलोला किती कमी देतो ते त्यांना तोंडपाठ. बरोबर आणलं होतं ते एक कपड्यांची पिशवी आणि एक पत्र्याचा डबा. डब्यात आईने धरलेलं घेवड्याचं बी होतं. डब्यावर चिकटवलेल्या कागदावर आईच्या अक्षरात एकच शब्द होता: घरचा. दुकानातून आणलेलं बी वेगळ्या डब्यात असायचं, दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून ती तसं लिहायची.

आल्या आल्या त्यांनी मला साफ सांगितलं. “बी दोन वर्षांच्या वर थांबत नाही. अर्धं इथं लावून बघतो. झालं तर ठीक. नाही झालं तर मृगाला मी गावी जाऊन उरलेलं लावणार.”

गावी म्हणजे कुलूप लावलेल्या घरात, एकटे. आई गेल्यावर महिन्याभरात ते न्हाणीघरात घसरून पडले होते आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून होते. ते गेलेले मला नको होते. पण हे तोंडावर म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. मी म्हटलं, “होईल की. न व्हायला काय झालं?”

अडचण मातीपासूनच सुरू झाली. मागची माती लाल होती, मुरमाड. आप्पांनी मूठभर हातात घेतली, बोटांतून गाळली आणि नाक मुरडलं. “ही काय माती आहे? ही रस्त्यावर टाकायची खडी.” आमच्याकडे माती म्हणजे काळी, बाकी सगळी माती नावापुरती. मग त्यांनी स्टेशनकडच्या एका टेम्पोवाल्याला गाठलं. कामोठ्याला एका इमारतीचा पाया खणत होते, तिथली काळीभोर माती त्याने आणून टाकली. ओली, जड, बुटाला चिकटली की निघेना. चार दिवसांनी वाळली आणि तिला भेगा पडल्या. आप्पा त्या भेगांकडे बघून हरखून गेले. “बघ, अस्सल काळी. आपल्या मळ्यात अश्शाच पडायच्या.” आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

लाल माती उचलून कुठे टाकायची हा प्रश्न होता. तो शेजारच्या काकींनी सोडवला. काकी सुकापूरच्याच, गावातल्या जुन्या घरातल्या. त्यांची भातशेती होती तिथे आता बिल्डिंगा उभ्या होत्या, त्यातली एक त्यांचीच. माहेर उरणकडचं. आमच्या भिंतीपलीकडे त्यांचा एक तुकडा मोकळा राहिला होता. त्या भिंतीवरून म्हणाल्या, “बाबा, टाकताव कशाला? ती लाल माती आमाला द्या.” आप्पांनी दिली, आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “भोळी आहे बिचारी.”

काळ्या मातीत बारीक शिंपले निघायचे. नखाएवढे, पांढरे. मी ते वेचून वाटीत ठेवायची, कारण मला अशा वस्तू ठेवायची खोड आहे. “नदीकाठची माती असेल,” आप्पा म्हणाले. “म्हणूनच कसदार.” मलाही पटलं.

जानेवारीत त्यांनी डब्यातलं अर्धं बी मोजून लावलं. बरोबर टोमॅटो-वांग्याची तयार रोपं, थोडा पालक. पालक आला, झकास आला. घेवडा मात्र निम्मा उगवलाच नाही. जो उगवला तो वीतभर होऊन थांबला आणि पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या, भाकरीची कड जळते तशा. टोमॅटो आले ते आवळ्याएवढे, साल जाड. आप्पांनी सगळा बहर काट्यावर ठेवला आणि आकडा भिंतीवर खडूने लिहिला. तो इतका लहान होता की मी दुसऱ्या दिवशी पुसून टाकला.

मग मी कंबर कसली. खोटं कशाला बोलू, आप्पांना थांबवायचं हे एक कारण, पण दुसरं कारण असं की मला कोडं पडलं की सुटेपर्यंत चैन पडत नाही. एक वही केली. ऊन कुठल्या वेळेला कुठे येतं ते लिहिलं. आठवडाभर पाणी कमी करून बघितलं, मग आठवडाभर वाढवून. पानं उलटून भिंगाने किडी शोधल्या. बी खराब आहे का म्हणून चार दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. चारही तिसऱ्या दिवशी मोडाला आले. म्हणजे बी चांगलं होतं. आप्पा प्रत्येक शंकेला एकच उत्तर द्यायचे, “खत कमी पडतंय.” आणि आणखी खत घालायचे. वर चुलीची राखही. जितकं खत जाईल तितकी रोपं आणखी खंगायची. हे माझ्या वहीत व्यवस्थित लिहिलेलं आहे, तारखेवार, पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

मार्चमध्ये एका सकाळी काकी भिंतीवर हात टेकून आमचा वाफा बघत उभ्या होत्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, “ताई, तुमचे बागेन खार हाय.”

“खार?”

“मंग! खार हाय तवर काय येनार नाय. आधी खार गेला पायजे.”

आणि त्यांच्या घरी कुकरची शिटी झाली म्हणून त्या आत गेल्या.

मला एकदम लख्ख प्रकाश पडला. खार! कोपऱ्यावरच्या बदामाच्या झाडावरून एक खार रोज आमच्या भिंतीवर यायची हे मी बघत होतेच. एकदा तर तिने आमचा टोमॅटो दोन्ही हातांत धरून खाल्ला होता, माझ्या डोळ्यांदेखत. ‘खार गेला’ हे मात्र माझ्या कानाला खटकलं. खार ‘गेली’ पाहिजे. मनात म्हटलं, यांच्या बोलीत खार पुल्लिंगी असेल. मला वाटतं मी गालातल्या गालात हसलेही. काकींना परत जाऊन विचारावं असं काही मला सुचलं नाही. मास्तरणीला कोण शिकवणार?

पुढचा दीड महिना मी त्या खारीवर खार खाऊन होते. नवऱ्याच्या जुन्या सीड्या दोऱ्याने बांधून लटकावल्या. त्या उन्हात चमकायच्या आणि खार त्यांच्याकडे मान वाकडी करून बघायची. तिखटाचं पाणी शिंपडलं, त्याने मलाच शिंका आल्या. शेवटी पनवेलच्या कोळीवाड्यातून एक जुनं मासेमारीचं जाळं मिळवलं आणि सगळ्या वाफ्यावर ताणून बसवलं. खिशाला जो खार लागला तो वेगळाच. आप्पा खुर्चीत बसून हे सगळं बघत असायचे. त्यांना मजा वाटत होती, पण रोपांकडे बघितलं की तोंड उतरायचं. एप्रिलमध्ये घेवड्याचं शेवटचं रोप गेलं. जाळ्याखाली, सुरक्षित.

मातीवर तोवर पांढरा पापुद्रा धरला होता. “खत वर येतंय,” आप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते रिक्षाने एसटी स्टँडवर गेले आणि साताऱ्याच्या गाड्यांच्या वेळा एका कागदावर लिहून आणल्या. तो कागद त्यांनी कॅलेंडरला टाचला. मी स्वयंपाकघरात येता-जाता तो बघायची आणि काहीतरी आपटायची. भांडं, झाकण, जे हातात असेल ते. वैतागले होते, आणि नक्की कोणावर ते कळत नव्हतं.

मे महिन्यात काकी त्यांच्या वालाच्या शेंगा द्यायला आल्या. आमच्या फेकलेल्या लाल मातीत त्यांचा मांडव भरून गेला होता. मागच्या दारात त्या थबकल्या.

“जालं कशाला लावलं? मासं धरताव काय?”

“खारीसाठी,” मी म्हटलं. “तुम्हीच नाही का म्हणालात?”

काकींनी एकदा जाळ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग खाली बसल्या. खरंच बसल्या, ओट्यावर, पदर तोंडाला लावून, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “अगो ताई, ती खार नाय गो! तो खार! मीठ! तुमचे मातीन मीठ हाय!”

वाफ्याजवळ जाऊन त्यांनी तो पांढरा पापुद्रा बोटाने उचलला, जिभेला लावला, थुंकल्या आणि बोट माझ्यापुढे धरलं. मी पण चाखलं. खारट होतं. नुसतं खारट नाही, भाजीत मीठ दोनदा पडल्यावर होतं तसं.

तो खार आणि ती खार. आठवीच्या पोराचा मी यासाठी पूर्ण एक मार्क कापला असता. काकींनी लिंग अगदी शुद्ध वापरलं होतं, ‘खार गेला पाहिजे’ म्हणून. चुकीचं मीच ऐकलं, वर त्यांचं व्याकरण मनातल्या मनात सुधारून घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं, ती बिचारी खार दीड महिना माझा राग सोसत होती. मला काकींपुढे लाज वाटली. त्यांना तसं सांगितलंही. त्यांनी हात झटकला, “जाऊ दे गो.”

मग त्यांनी विचारलं, ही माती आणली कुठून? कामोठ्याची म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. “तो खारीचा गाल हाय. खारीचा पानी यायचा तिथं.” इथे मी पुन्हा अडकले, पण या वेळी विचारलं. त्यांच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ आणि ‘ळ’चा ‘ल’. खाडीचा गाळ. वाटीतले शिंपले मी आणून दाखवले. त्या म्हणाल्या, “यवरं दिसत होता तरी कललं नाय?” त्यांच्या माहेरची मिठागरं होती. लहानपणी उन्हात मीठ पिकवलेलं त्यांनी बघितलं होतं. खार कुठे आहे ते त्यांना लांबून दिसायचं, आम्हाला काळी माती दिसायची तसं.

हे आप्पांना कोण सांगणार? ती माती त्यांनी निवडलेली, त्यांनी हुंगलेली, तिच्या भेगा बघून ते हसलेले. मी दुपारभर शब्द जुळवत बसले. शेवटी सांगितलं नाहीच. तांब्याभर माती पाण्यात कालवली, गाळ खाली बसू दिला, वरचं पाणी पंच्यातून गाळून एका स्टीलच्या ताटात ओतलं आणि ताट भिंतीवर उन्हात ठेवलं. “हे काय?” आप्पांनी विचारलं. “बघू,” म्हटलं, “काय पिकतंय ते.”

मेच्या उन्हाला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ताटाच्या तळाला पांढरे खडे चमकत होते. आप्पांनी ते चमच्याने खरवडले आणि काट्यावर ठेवले. सुई जेमतेम हलली, पण हलली. त्यांनी एक खडा जिभेवर ठेवला आणि पुरता विरघळू दिला.

“चाळीस वर्षं मी लोकांच्या गाड्या तोलल्या,” शेवटी म्हणाले. “मोळी बघून सांगायचो, यात ऊस किती आणि माती किती. या मातीत मीठ किती ते नाही कळलं मला. तिचं बी मीच मारलं.”

मला रडू आलं. म्हटलं, “अर्धंच, आप्पा. अर्धं आहे अजून.”

“तेच घेऊन जातो म्हणतोय.”

काकी भिंतीपलीकडून सगळं ऐकत होत्या. त्यात त्यांनी लाज वगैरे बाळगली नाही. “बाबा, जाताव कशाला? तुमची माती हाय की माझेकरं. लाल. ते मातीन लावा.” मग म्हणाल्या, “पन आता नको. आमचे पावसान घेवरा कुजंल. दसऱ्याला लावा. आनि तो खार आमी धुवून काढू, आमची रीत हाय.”

रीत अशी. खाडीकाठच्या शेताला बांध असतो, बांधाला एक छोटं दार ठेवतात, त्याला उघाडी म्हणतात. पावसाचं गोडं पाणी शेतात साठू द्यायचं, मातीतला खार त्यात उतरू द्यायचा, मग उघाडी उघडून ते पाणी काढून टाकायचं. परत साठवायचं, परत काढायचं. मीठ ज्या वाटेने आलं त्याच वाटेने जातं, असं काकींचं म्हणणं.

आप्पा ऐकत होते. मला त्यांच्या चेहऱ्यावर एक ओळखीची गोष्ट दिसली, ती माझ्याही चेहऱ्यावर असते असं नवरा म्हणतो. “एका पावसात किती जातं?” त्यांनी काकींना विचारलं.

“ता काय तोललं नाय कदी.”

“मग तोलायला पाहिजे,” आप्पा म्हणाले.

त्या रात्री जेवताना मी विचारलं, गाडी कधीची बघायची? त्यांनी घास गिळला. “इथल्या मातीचं मीठ खाल्लंय आज. खाल्ल्या मिठाला जागायला पाहिजे. दसऱ्यापर्यंत तरी.” आणि ताटातली चटणी उगीच पुढे-मागे करत बसले.

तो पावसाळा मला मजेचा गेला. वाफ्याला आम्ही विटांची कड केली, खालच्या बाजूला पाइपचा तुकडा बसवला आणि त्याला चिंधीचा बोळा कोंबला. ही आमची उघाडी. पाऊस थांबला की आप्पा छत्री घेऊन बाहेर, बोळा काढायचा, पाणी सोडायचं, थोडं ताटात घ्यायचं. ऊन नसेल तेव्हा ते ताट गॅसवर आटवायचं, त्यामुळे माझी दोन ताटं कायमची काळी झाली. एसटीच्या वेळांचा कागद त्यांनी कॅलेंडरवरून काढला आणि त्याच्या पाठीवर आकडे लिहायला सुरुवात केली. आकडे हळूहळू उतरत गेले. श्रावणात सुई हलायची थांबली, तरी ते चाखायचे. “आहे,” म्हणायचे. “थोडा आहे अजून.” आता तेही ‘आहे’च्या आधी ‘तो’ लावायचे, मला चिडवायला.

खार जाळ्याविना निवांत यायची. तिला मी शेंगदाणे ठेवू लागले, प्रायश्चित्त म्हणून.

दसऱ्याला डब्यात एकतीस दाणे होते. सोळा काकींच्या लाल मातीत लावले, पंधरा आमच्या धुतलेल्या काळ्या मातीत. सगळं लाल मातीत लावा असं मी म्हणत होते. आप्पा ऐकेनात. “मग कळणार कसं, खार गेला का?” काकींकडचे पंधरा आले. आमच्याकडचे नऊ आले, जरा बुटके, पण पानांच्या कडा हिरव्या. आप्पा रोज सकाळी भिंतीच्या दोन्ही बाजूंना जाऊन यायचे. काकींच्या घरी चहा व्हायचा तो वेगळा, त्यामुळे माझ्याकडचा चहा त्यांना पाणचट लागायला लागला होता.

शेंगा आल्या तेव्हा मी एका वेळेपुरती भाजी मागितली. त्यांनी दिली नाही. सगळ्या वेलांवरच वाळू दिल्या. संक्रांतीच्या सुमाराला वाळल्या. आम्ही तिघं काकींच्या ओट्यावर बसून त्या सोलल्या. दाणे काट्यावर ठेवले. आप्पांनी आकडा मोठ्याने वाचला आणि काकींनी कौतुकाने “अगो बाय” म्हटलं.

घरी येऊन त्यांनी डबा पुसला आणि बी आत ओतलं. डब्यावरचा कागद पिवळा पडला होता, एक कोपरा सुटला होता. शिकवणीची वही समोरच होती. मी त्यातला एक कोरा कागद फाडला आणि पेन पुढे केलं.

“नवीन चिठ्ठी लावायची का, आप्पा? हे बी इथलं आहे ना आता.”

त्यांनी सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला.

“कशाला?” ते म्हणाले. “घरचंच आहे.”